मुस्तफाला मार खायला शिकवताना

ऑगस्ट १९९४ सरत आलाय आणि तुम्ही ओसाकातल्या एका गेम सेंटरमध्ये उभे आहात. बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा, आत सिगारेटचा धूर आणि सगळ्या यंत्रांचा एकत्र कल्ला. यंत्रं पाठीला पाठ लावून मांडली आहेत, त्यामुळे तुम्हाला हाणणारा कोण ते दिसत नाही. पलीकडून बटणं बडवल्याचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. स्टुलावर बसा, शंभर येनचं नाणं टाका. पडद्यावर एसएनकेचा नवाकोरा खेळ आहे, 'द किंग ऑफ फायटर्स '९४'. आठ संघ, प्रत्येकात तिघं, म्हणजे चोवीस लढवय्ये.

गडबड करू नका, आधी माणसं नीट बघून घ्या. टेरी बोगार्ड 'फेटल फ्युरी'तून आलाय, रियो साकाझाकी 'आर्ट ऑफ फायटिंग'मधून. दोघंही मारामारीच्याच खेळातले, तेव्हा ठीक आहे. पण ब्राझीलच्या संघातले राल्फ आणि क्लार्क? ते १९८६ च्या 'इकारी वॉरियर्स'चे शिपाई. त्या खेळात त्यांना वरून बघावं लागायचं. डोकं, खांदे आणि बंदुकीची नळी, एवढाच त्यांचा अवतार. गोळ्या झाडत पडद्याच्या वरच्या टोकाकडे जायचं, एवढंच त्यांचं काम. आज राल्फ बाजूने दिसतोय, पुऱ्या उंचीचा उभा आहे आणि हातात काहीच नाही. बटण दाबा. मशीनगनच्या वेगाने त्याच्या मुठी सुटतात. एसएनकेच्या कचेरीत कुणीतरी बसून ठरवलंय की बंदूक काढून घ्यायची, पण तिचा वेग हातात राहू द्यायचा. एका खेळातलं पात्र दुसऱ्या खेळात कसं न्यावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

मापाचा प्रश्न तर आणखी नाजूक. 'आर्ट ऑफ फायटिंग'मधली माणसं अवाढव्य होती, जवळ आली की कॅमेराही पुढे सरकायचा. 'फेटल फ्युरी'त पुढची आणि मागची अशा दोन पातळ्यांवर लढाई चालायची. इथे सगळे एकाच जमिनीवर, एकाच उंचीच्या मापात. रियोला लहान व्हावं लागलं, टेरीला मागे पळून जायची सोय गमवावी लागली. एकत्र यायचं तर प्रत्येकाने काहीतरी सोडलं, आणि ते इतक्या बेमालूमपणे की पलीकडच्या स्टुलावरच्या पोराला त्याचा पत्ताही नाही. तो तुम्हाला हरवतोय, बरं का. नाणं गेलं.

उठा आणि शहर ओलांडून कॅपकॉमच्या बाजूला चला. फार लांब नाही. दोन्ही कंपन्या ओसाकाच्याच परिसरातल्या, आणि वैरही शेजारधर्माचं. १९८७ चा पहिला 'स्ट्रीट फायटर' ज्याने दिग्दर्शित केला, तो ताकाशी निशियामा नंतर एसएनकेत गेला आणि तिथे त्याने 'फेटल फ्युरी' उभा केला. म्हणजे 'स्ट्रीट फायटर'चा नायक रियू आणि टेरी एकाच घरातून निघालेले. कॅपकॉमने मग १९९५ मध्ये डॅन हिबिकी नावाचं एक पात्र आणलं: 'आर्ट ऑफ फायटिंग'मधल्या रियो आणि रॉबर्टची मिळून काढलेली नक्कल, हातातून निघणारा गोळा जेमतेम कोपराएवढा लांब जाणारा. भाऊबंदकीतल्या टोमण्यात जी मजा असते ती त्यात पुरेपूर आहे. दोघांनी अधिकृतपणे हातमिळवणी करायला मात्र शतक संपत यावं लागलं. गेम सेंटरमध्ये 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके' आला तो २००० साली.

मधल्या १९९६ ला एक उडती भेट द्या. 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'. अमेरिकी कॉमिक्समधल्या सायक्लॉप्ससमोर रियूला उभं केलंय आणि गंमत म्हणजे बदललाय तो रियू. त्याची उडी आता पडद्याबाहेर जाते. हातातून सुटणारा निळा गोळा मोठ्या डावात अख्खा पडदा व्यापणारा झोत होतो. 'स्ट्रीट फायटर २'मधला तो शांत, जमिनीला धरून राहणारा माणूस महाशक्तीवाल्यांच्या गावात गेला आणि तिथल्या रीतीने वागू लागला. तरी तो रियूच आहे, यावर कुणाचं दुमत नाही.

आता घरी चला. १९९८. नाशिक म्हणा, दादर म्हणा, कोल्हापूर म्हणा. शाळेपासून चार पावलांवरचा व्हिडिओ गेम पार्लर सगळीकडे सारखाच. शटर अर्धं खाली, आत ट्यूबलाइट बंद, काउंटरवर टोकनांचा डबा. एका भिंतीला 'केओएफ ९७' (त्याच 'किंग ऑफ फायटर्स'चा पुढचा भाग) आणि त्याच्या शेजारी कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', ज्याला इथे कुणीही त्या नावाने ओळखत नाही. खेळात चार हिरो आहेत, पण सगळ्यांना एकच हवा असतो, म्हणून अख्ख्या खेळाचंच नाव 'मुस्तफा' पडलंय. धावत जाऊन मारलेली त्याची उडती लाथ ज्याने मारली नाही त्याचं बालपण पार्लरबाहेर गेलं असं खुशाल समजा.

"काका, केओएफवर नंबर कधी?"

"तो दादा हरला की."

"तो नाय हरत. इओरी घेतलाय त्याने."

थांबलेला बारक्या दप्तर सांभाळत दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघतो आणि विचारतो, "मुस्तफा आणि इओरीची लावली तर?" पार्लरात यावर लगेच दोन तट पडतात. कुणी म्हणतं इओरी एका ज्वाळेत संपवेल. कुणी म्हणतं मुस्तफा पिस्तूल उचलेल, मग कसला इओरी? वाद मिटण्यासारखा नाही, कारण दोन यंत्रांच्या मध्ये वीतभर जागा आहे आणि ती ओलांडायचा रस्ता नाही. मुस्तफाच्या यंत्राला दोनच बटणं, मारा आणि उडी. इओरीच्या यंत्राला चार. एक कॅपकॉमचा, एक एसएनकेचा. शिवाय मुस्तफा मुळात कॅपकॉमचाही नाही, तो मार्क शुल्ट्झच्या १९८७ पासूनच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिक्समधला. कागदावरून यंत्रात आलेला माणूस एका जागेवरून उठून शेजारच्या यंत्रात बसू शकत नाही, हे त्या बारक्याला पटत नाही. मलाही तेव्हा पटलं नसतं.

त्याचं उत्तर वर्षभरात तयार होतं, फक्त पार्लरात नाही. जुलै १९९९ मध्ये एलेकबाइट नावाच्या गटाने 'मुगेन' नावाचं एक इंजिन फुकट वाटायला काढलं. डॉसवर चालणारं, ३२० बाय २४० च्या चित्राचं. बनवणाऱ्यांनी आधी गोळीबाराच्या खेळाचं इंजिन करायला घेतलं होतं, ते वाटेत मारामारीकडे वळलं. (राल्फ आणि क्लार्कचीच वाट!) त्यात एकच खेळाडू दिला होता, पांढऱ्या कपड्यातला कुंग फू मॅन, आणि त्याच्या सगळ्या फाइली उघड्या ठेवल्या होत्या. वाचा, शिका, दुसरा कुणी हवा तर तुम्ही करा. जपान, ब्राझील, फ्रान्स, अमेरिका, जिथे जिथे पोरांकडे संगणक होता तिथे लोक कामाला लागले.

तुम्हीही लागा. २००१ चा पावसाळा आहे, रात्रीचे साडेअकरा, टेबलावर चौदा इंची मॉनिटर, मोडेमचं किरकिरणं नुकतंच थांबलंय. आतून आवाज येतो, "किती वेळ ते इंटरनेट? मावशीचा फोन यायचाय." फाइल उतरायची आहे, पण मावशीपुढे इलाज नाही. असू दे. आजचं काम इंटरनेटशिवायचं आहे. आज मुस्तफाला त्याच्या यंत्रातून बाहेर काढायचंय.

एम्युलेटरमध्ये खेळ लावा, मागचं दृश्य बंद करा. रस्ता गेला, डायनासोर गेला, एकरंगी पोकळीत मुस्तफा एकटा चालतोय. आता एकेक फ्रेम थांबवत पडदा टिपायचा. चालणं, उडी, ठोसा, लाथ. प्रत्येक चित्र कापून, रंगांची पट्टी एकसारखी करून वेगळं साठवायचं आणि प्रत्येकाला पायाशी एक बिंदू नेमायचा. हा बिंदू चुकला की चालताना माणूस एका पायाने लंगडल्यासारखा दचकत राहतो. तुमचा दचकतोय. सहाव्या चित्राला दोन पिक्सेल डावीकडे घ्या. हं, आता बरा चालतोय.

मग ठोसा. एका मजकुराच्या फाइलीत लिहायचं: स्टेट २००, उभा, हल्ला, तिसऱ्या चित्राला हिटडेफ, म्हणजे फटक्याचा तपशील. चित्रावर चौकटी आखायच्या, अंगाला निळी, मुठीला लाल. लाल चौकट समोरच्याच्या निळ्या चौकटीला शिवली की फटका बसला. बसल्याबसल्या दोघांनाही क्षणभर गोठवायचं. इंजिन सेकंदाला ६० टिक मोजतं. कुंग फू मॅनच्या हलक्या ठोशात ८ टिकांचा थांबा आहे. तुम्ही तो आकडा शून्य करून बघा. मूठ समोरच्याच्या अंगातून हवेसारखी निघून जाते, काही लागलंच नाही असं वाटतं. पुन्हा ८ करा. लागलं! पार्लरात वर्षानुवर्षं ज्याला 'पॉवर' म्हणत होतात, ती पुष्कळशी या थांब्यातच होती.

इथपर्यंत सोपं. आता इओरीला समोर आणा; तो कुण्या जपानी चाहत्याने आधीच बनवून ठेवलाय. सिलेक्टच्या फाइलीत दोघांची नावं एकाखाली एक लिहिली की झालं, कॅपकॉम आणि एसएनकेला वकील नेमून जे जमवावं लागलं ते तुमच्या टेबलावर दोन ओळींत. लढाई सुरू. मुस्तफा उडती लाथ मारतो, बसते. तुम्ही खुर्चीत सरसावता. इओरी खाली वाकून एक गुद्दा मारतो, आणि मुस्तफा दिसेनासा होतो. पडद्याच्या तळाशी इशारा उमटतो: खेळाडूने नसलेलं ॲनिमेशन मागितलं.

कारण तुम्ही त्याला मारायला शिकवलंत, मार खायला नाही. मुगेनमध्ये पाच हजारांच्या पुढचे आकडे राखीव आहेत ते यासाठीच. ५००० म्हणजे उभ्याने तोंडावर बसलेला हलका फटका, ५०१० पोटावरचा, ५०२० वाकलेला असताना, ५०३० हवेत, ५०७० पाय निसटून, ५११० जमिनीवर पडलेला, ५१२० उठताना, ५१५० मेलेला. यादी लांबलचक आहे आणि जगातल्या प्रत्येक पात्राने ती याच आकड्यांनी भरायची, मग तो रियू असो, होमर सिम्पसन असो की तुम्ही स्वतःचा फोटो काढून केलेला गडी. कुण्या ब्राझीलच्या पोराने केलेलं पात्र कुण्या जपानी माणसाने केलेल्या पात्राला हाणू शकतं, ते या करारामुळे. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, एकमेकांच्या फाइली त्यांनी उघडलेल्या नाहीत. फक्त मार खायची पद्धत दोघांनी आधी ठरवून घेतली आहे.

इओरीची पकड याहून विलक्षण. तो समोरच्याला धरून आपल्या मागे भिरकावतो. तेवढ्या काळात मुस्तफाचं शरीर मुस्तफाच्या ताब्यात राहत नाही. इंजिन मुस्तफाची फाइल बाजूला ठेवतं आणि इओरीच्या फाइलीतल्या ओळी मुस्तफाच्या अंगावर चालवतं, चित्रं मुस्तफाची, हालचाल इओरीने सांगितलेली. ज्याने ती पकड लिहिली त्याने मुस्तफाचं नावही ऐकलेलं नसेल. तरीही भिरकावलेला मुस्तफा बरोबर मुस्तफासारखा आपटतो, फक्त तुम्ही ती चित्रं काढलेली हवीत.

आणि काही चित्रं तर मूळ खेळात नाहीतच. गल्लीतून पुढे पुढे जाणाऱ्या त्या खेळात मुस्तफा कधी वाकला नाही, कधी हात आडवा धरून बचाव केला नाही. गुंडांच्या टोळीत त्याला त्याची गरज नव्हती. इओरीसमोर आहे. तेव्हा आता पेंट उघडा आणि काढा. गुडघे कुठे दुमडतील? डोकं किती खाली जाईल? टोपी पडेल का? रंग त्याच पंधरांतले वापरायचे, कारण कॅपकॉमच्या चित्रकाराने तेवढेच वापरलेत. पहाटे अडीचला तुमचा मुस्तफा पहिल्यांदा वाकतो. जरा अवघडल्यासारखा दिसतो, खांदा काही जमला नाही, पण वाकतो. हे चित्र मार्क शुल्ट्झने काढलेलं नाही, कॅपकॉमने काढलेलं नाही. हे एकटं तुमचं.

कंट्रोल आणि सी दाबून चौकटी दाखवा, स्पेस दाबून दोघांचं आयुष्य भरून घ्या, पुन्हा लढवा. इओरी जिंकतो. ठोशाची ताकद वाढवली तर मुस्तफा जिंकतो. आकडा तुमच्याच हातात असल्यामुळे बारक्याच्या प्रश्नाचं उत्तर आता कुणालाच देता येणार नाही, आणि दिलं तरी त्याला अर्थ नाही. माझं मत विचाराल तर जिंकण्याचा आकडा ही यातली सर्वांत कंटाळवाणी गोष्ट. पुढे 'चीप' म्हणून ओळखली जाणारी पात्रं निघाली, एका टिकात समोरच्याला संपवणारी, पकडीची तीच सोय वापरून दुसऱ्याच्या फाइलीत घुसून त्याचा जीव शून्य करणारी. त्यांच्यातही अक्कल लागते हे खरं, पण ती कुलूप तोडणाऱ्याची अक्कल.

पुढची वर्षं भराभर उलटा. २००१ च्या जानेवारीतच सीपीएस-२ शॉक या गटाने कॅपकॉमच्या पुढच्या यंत्रांच्या कुलूपबंद खेळांचा मजकूर बाहेर काढला होता, त्यामुळे 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम'ची अख्खी फौज चाहत्यांच्या पेंटमध्ये उतरली. त्याच वर्षी एलेकबाइटने डॉस सोडून लिनक्स धरलं. विंडोजसाठी देणग्या मागितल्या. देणगीदारांना दिलेली चाचणी आवृत्ती फुटली. २००३ मध्ये काम थांबलं, गटाचं संकेतस्थळही गेलं. फुटलेल्या आवृत्तीत दोनच खेळाडू ठेवण्याची मुभा होती, ती मर्यादा चाहत्यांनीच तोडली. बनवणारा नाहीसा झालेला असताना वर्षानुवर्षं लोक त्या इंजिनासाठी पात्रं करत राहिले. पुढे एलेकबाइट परतलं, २०११ ला १.० आलं.

या काळात भांडणं काय झाली म्हणता! प्रत्येक पात्राच्या फोल्डरमध्ये रीडमी नावाची फाइल असते. एक उघडा. 'माझ्या परवानगीशिवाय हे पात्र बदलू नये, इतरत्र ठेवू नये.' पुढचं पात्र उघडा: 'हवं तसं वापरा, फक्त नाव द्या.' पहिल्याच्या कोडवर हात मारून कुणी तिसराच 'ईव्हिल' आवृत्ती काढतो आणि महिनोनमहिने शिवीगाळ चालते. चित्रं कॅपकॉमची, आवाज एसएनकेचे, विचारलं कुणालाच नव्हतं, आणि चोरीचा आरोप मात्र एकमेकांवर. हसू येतं खरं. पण तो पहाटे अडीचचा वाकलेला मुस्तफा आठवा. तुमचा खांदा, तुमचे गुडघे कुणी उचलून स्वतःच्या नावाने खपवले तर तुम्हीही तावातावाने लिहाल. रागाचं कारण ते दोन पिक्सेल असतात.

कंपन्या याच्या फार वर होत्या असं समजू नका. 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके'त एसएनकेच्या टेरी आणि क्योला नव्याने रेखाटलं होतं, पण स्वतःच्या मॉरिगनला कॅपकॉमने १९९४ च्याच 'डार्कस्टॉकर्स'मधल्या जुन्या चित्रांसकट आणून उभं केलं. नव्या रेखीव मंडळींत ती धुरकट, वेगळ्याच काळातली दिसते. मुगेनच्या कुठल्याही फोल्डरात हाच प्रकार असतो, फरक एवढाच की तिथे नाणं टाकावं लागत नाही. कधी कधी कंपनी चाहत्याच्या दारात आली असंही घडलंय: २०१२ मध्ये सिंगापूरच्या एका चाहत्याने केलेला, 'मेगा मॅन'मध्ये 'स्ट्रीट फायटर'ची पात्रं आणणारा खेळ कॅपकॉमने स्वतःच्या नावाखाली फुकट वाटला.

२०१३. तुम्ही इंटरनेटवर सॉल्टी बेट बघताय, मुगेनच्या लढतींचं थेट प्रक्षेपण. संगणकच दोन्ही बाजूंनी खेळतो, चोवीस तास, आणि हजारो लोक खोट्या पैशांची पैज लावतात. आता कुणीतरी पोपटासारखा रंगवलेला रियू एका हॅम्बर्गर विकणाऱ्या विदूषकाशी लढतोय आणि हरतोय. लोक ओरडतायत. पात्र करणाऱ्याचं नाव पडद्यावर नाही.

तिथून आजला या. मुगेनचं कोड एलेकबाइटने कधी उघडं केलं नाही, म्हणून चाहत्यांनी इकेमेन गो नावाचं वेगळं, मुक्त स्रोताचं इंजिन लिहिलं. २००१ च्या आसपास केलेली पात्रं त्यात अजून चालतात, कारण ५००० चा करार तोच आहे. एखादं पात्र उतरवून घ्याल तेव्हा खेळायच्या आधी फोल्डरातली रीडमी उघडा आणि चित्रं कुणी काढली, कोड कुणाचं, आभार कुणाचे, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पुढे कुणाला दिलंत तर ती फाइल काढून टाकू नका.